सदतीस मुलं, एकोणतीस ‘उलट्या’ आणि झेंड्याचा खांब

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ३७, शिक्षक दोन. एक मी, दुसऱ्या बाई. खोल्याही दोनच. पुढे पत्र्याची पडवी, तिच्यासमोर मैदान म्हणता येईल एवढी मोकळी जागा, एक चिंच, झेंड्याचा खांब आणि तीन बाजूंनी ऊस. २०२२-२३ या वर्षात आम्ही महिन्यातला एक शनिवार दप्तराविना, वर्गाबाहेर भरवून पाहिला. पहिला पार फसला. दुसरा मुलांनीच जमवून दिला. तिसरा अर्धवट राहिला आणि दोन महिन्यांनी पुरा झाला. बाकीचे बरे-वाईट, त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

हे सुचलं ते कुठल्या प्रशिक्षणातून नव्हे. जून २०२२ मध्ये तिसरीत आलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. २०२०-२१ चं पूर्ण वर्ष शाळा बंद. दुसरीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, जानेवारीत पुन्हा बंद पडले, मग उरलेले दोन-तीन महिने. वयानं आठ वर्षांची ही पोरं बसायची सवय नसल्यानं वीस मिनिटांत चुळबुळायला लागत. एक जण लघवीला निघाला की पाठोपाठ सहा. वरून केंद्राच्या निपुण भारत अभियानाचा तगादा होता, तिसरीच्या मुलाला वाचता आणि बेरीज-वजाबाकी करता आलीच पाहिजे. तो तगादा मला चुकीचा वाटत नाही. पण खिडकीतून ऊस हलताना बघत बसलेल्या पोराला फळ्याकडे वळवायचं कसं, हे त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “खिडकीबाहेरच बघतायत ना, मग बाहेरच नेऊ.”

कागदाचा आधार म्हणाल तर नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दप्तराविना दहा दिवसांची शिफारस आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी. शनिवारी दप्तराविना उपक्रम घ्यायला सांगणारा ‘आनंददायी शनिवार’चा शासन निर्णय २०२४ मध्ये आला. त्यामुळे आमचं काम तोंडी परवानगीवर चाललं. केंद्रप्रमुख म्हणाले, “करा, फक्त पोरं सांभाळा.” शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत अभ्यासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकाच आईनं विचारलं, “सर, वाघराचं काय?”

हा प्रश्न आमच्याकडे गमतीचा नाही. ऊस दहा-बारा महिने उभा असतो, बिबट्याला त्यात आडोसाही मिळतो आणि पिल्लं घालायला जागाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. उसाच्या कडेनं एकट्यानं जायचं नाही, मोठ्यानं बोलत जायचं, वाकून काही उचलायचं नाही, हे आमच्या पहिलीच्या पोरालाही पाठ असतं. निसर्गभ्रमणाची सुंदर-सुंदर चित्रं छापणाऱ्यांना ही अडचण सहसा नसते.

सप्टेंबर : वीस प्रश्नांची सहल

पहिल्या शनिवारी आम्ही मुलांना गावाबाहेरच्या देवळापर्यंत नेलं. अंतर दीड किलोमीटर, रस्ता डांबरी, सोबत समितीतले दोन पालक. मी आदल्या रात्री जागून एक पान तयार केलं होतं. दहा झाडांची नावं लिहा, पाच पक्षी लिहा, तीन प्रकारची पानं चिकटवा, मातीचा रंग लिहा, असे एकूण वीस प्रश्न. तिसरी-चौथीला पान आणि पहिली-दुसरीला नुसतं “बघा बघा”.

झालं काय, तर चौथीतली एक हुशार मुलगी भरभर लिहीत सुटली आणि बाकीचे तिच्या मागे. नंतर तपासायला घेतलं तर अठरा पानांवर झाडं त्याच क्रमानं होती : बोर, भाबूळ, लिंब, वड. अठराही ठिकाणी ‘भाबूळ’. एकानंही मान वर करून बाभळीकडे बघितलेलं नव्हतं, आणि बाभूळ तर रस्त्याला लागून उभी होती. पहिलीची पोरं अर्ध्या वाटेत दमली. दोघांना पालकांनी कडेवर घेतलं.

देवळात पोचल्यावर मोजणी केली तर आकडा छत्तीस.

पुन्हा मोजली. छत्तीस. त्यानंतरची काही मिनिटं मी आजही नीट आठवू शकत नाही. एक पालक रस्त्यानं मागे पळाले, दुसरे देवळामागच्या उसाकडे. बाईंनी सगळ्या मुलांना सभामंडपात बसवून मोठ्यानं आरती म्हणायला लावली, म्हणजे आवाज राहील आणि आणखी कुणी उठणार नाही. मला ते सुचलं नसतं. दुसरीतली ती मुलगी शेवटी सापडली देवळाच्या मागच्या पडवीत. पागोळ्या जिथं पोचत नाहीत तिथल्या कोरड्या धुळीत ती उकिडवी बसली होती आणि गवताची काडी घेऊन धुळीतल्या एका खळगीत फिरवत होती. मी ओरडणार एवढ्यात तीच म्हणाली, “गप. आतून कोनतरी माती फेकतंय.”

मी ओरडलोच. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्या क्षणी दुसरं काही शक्य नव्हतं.

सोमवारी बाईंनी आणि मी बसून हिशोब केला. अख्ख्या सकाळीत खरोखर काही शोधत बसलेलं मूल एकच होतं आणि ते हरवलेलं होतं. माझ्या वीस प्रश्नांतले एकोणीस तरी मुलांना वर्गात बसूनही लिहिता आले असते. मग कशाला दीड किलोमीटर चालवलं त्यांना?

दोन गोष्टी ठरल्या. उसाची तोडणी होईपर्यंत शाळेच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि एका शनिवारी एकच प्रश्न, तोही असा की ज्याचं उत्तर पुस्तकातही नाही आणि त्या चौथीतल्या मुलीलाही ठाऊक नाही. मोजणीची पद्धतही बदलली. आता प्रत्येकाला एक जोडीदार, मोठ्याला लहान. शिट्टी झाली की डोकी मोजायची नाहीत, “तुझी जोडी कुठाय?” एवढंच विचारायचं. सदतीस विषम असल्यानं एक त्रिकूट. ही युक्ती इतकी साधी आहे की पहिल्या दिवशी का सुचली नाही, याची लाज वाटते.

नोव्हेंबर : उलट्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्यावर त्या मुलीनंच मला मागच्या भिंतीशी नेलं. शाळेच्या पत्र्याचा पाखा तिथं जरा पुढे आलेला आहे, त्याखाली फूटभर रुंदीची मऊ, कोरडी धूळ. तिच्यात नरसाळ्यासारख्या खळग्या. काही शर्टाच्या बटणाएवढ्या, काही वाटीच्या बुडाएवढ्या. देवळात होत्या त्याच.

खळगीच्या तळाशी धुळीत एक किडा दबा धरून बसलेला असतो. मुंगी कडेवरून घसरली की तो डोक्यानं माती उडवतो, वर चढू पाहणारी मुंगी पुन्हा खाली येते, आणि चिमट्यासारख्या जबड्यात सापडते. रस शोषून झाला की रिकामं सालपट तो खळगीबाहेर भिरकावतो. ही त्याची बालपणीची अवस्था. पुढे मातीच्या कणांचा गोल कोष करतो आणि त्यातून चतुरासारखा दिसणारा, जाळीदार पंखांचा कीटक निघून रात्री दिव्याभोवती येतो. हे मी त्या आठवड्यात वाचून ठेवलं होतं, पण शनिवारी सांगितलं नाही. मुलांपुढे प्रश्न एकच ठेवला : हा इथंच का राहतो?

सामान म्हणजे चुन्याची फक्की, सुतळी, कागदाच्या पट्ट्या आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. बाईंनी भिंतीपासून चार हातांवर चुन्याची रेघ ओढली, तिच्या आत एका वेळी दोनच जोड्या. बाकीच्यांनी आवारात दुसरीकडे कुठं अशा खळग्या आहेत का ते शोधायचं. मुलं चिंचेखाली गेली, हापशाजवळ गेली, मैदानभर फिरली. एकही नाही. चिंचेखाली का नाही? “तिथं आपन खेळतो, तुडवतो.” हापशाजवळ? “चिखल.” मैदानात? इथं वाद झाला. एक म्हणे ऊन लागतं म्हणून, दुसरा म्हणे पाऊस पडतो म्हणून. तिसरीतल्या एकानं तांब्याभर पाणी आणून मैदानातल्या धुळीवर ओतलं, वाळल्यावर ती टणक झाली, आणि तो नुसता बोटानं दाखवत उभा राहिला. बोलला काहीच नाही. त्याच्या तोंडून वर्गात तीन वाक्यं सलग निघत नसत, तेव्हा मीही आग्रह धरला नाही.

खळग्या मोजल्या, एकोणतीस भरल्या. मोठ्या खळगीत मोठा किडा असतो का, हे बघायला तीन खळग्या चमच्यानं अलगद उचलून डब्यात घेतल्या. मोठीत मोठा निघाला, मधलीत मधला, तिसरी रिकामी. तीनवरून काही ठरत नाही, हे चौथीतली मुलं आपणहून म्हणाली. डब्यातला किडा चालायला लागला तो मागे-मागे. मुलांना हसू आवरेना. नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही, म्हणून त्यांनीच बारसं केलं. उलटा चालतो म्हणून ‘उलट्या’.

मुंगी मुद्दाम टाकायची की नाही, यावर पंधरा मिनिटं गेली. पहिलीतल्या दोघींनी रडायची तयारी केली. शेवटी असं ठरलं की टाकायची नाही, आपणहून पडली तर बघायचं. साडेनऊला एक पडली. पुढचं अर्धं मिनिट सदतीस पोरांतल्या एकानंही आवाज केला नाही. माझ्या नोकरीत ही शांतता मला दुसऱ्यांदा मिळाली. पहिल्यांदा वीज पडली होती तेव्हा.

मग खिचडी झाली आणि नंतर पडवीत बसून गप्पा. तेव्हा मी कोष, पंख वगैरे सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा किडा लहानपणभर शी करत नाही, सगळी साठवतो आणि पंख फुटल्यावरच बाहेर टाकतो. खरं आहे ते. सोमवारी परिपाठात मुलांना बाकी काही आठवलं नाही तरी हे सगळ्यांना आठवत होतं.

त्याच दिवशी दुपारी फोन आला. पलीकडे एका मुलीची आई, घाबरलेली. “सर, शाळंत पोरांना उलट्या झाल्या म्हनं? आमची म्हनती एकोनतीस!”

“झाल्या नाहीत ताई,” मी म्हणालो, “सापडल्या.”

खिचडीचा संशय मिटवायला मला संध्याकाळपर्यंत सहा फोन करावे लागले. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर ‘शाळेत विषबाधा?’ असं प्रश्नचिन्हासकट आलं होतं. किड्याचं नाव बदलावं असं बाईंनी सुचवून पाहिलं. मुलांनी दाद दिली नाही.

डिसेंबर आणि फेब्रुवारी : खांबाची सावली

चौथीला मीटर-सेंटीमीटर होतं. प्रश्न ठेवला : खांबावर न चढता खांबाची उंची कशी सांगाल? युक्ती जुनी आहे. एक काठी सरळ उभी करायची. काठीची सावली काठीएवढी झाली की त्या क्षणी खांबाची सावली खांबाएवढी असते. तेवढी मोजली की झालं.

डिसेंबरातल्या शनिवारी आम्ही साडेआठला मीटरची काठी रोवली आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत गेलो. सावली आखडत होती, पण फार हळू. नऊ वाजले, दहा वाजले, खिचडी झाली. पहिलीची मुलं कंटाळून माती उकरायला लागली. अकराला शाळा सुटते. अकरा वाजले तरी काठीची सावली काठीहून लांबच. टोळीतला एक मुलगा तेवढा निवांत होता. टोळीतला म्हणजे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला. नोव्हेंबरात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडल्या तेव्हा स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड घेऊन तो तिसरीत बसला होता. तो साडेनऊलाच म्हणाला होता, “आज न्हाई व्हायची सर ती. थंडीत सावली लांबच ऱ्हाती. आई सावली बघूनच भाकरी सोडती.”

मी त्याचं ऐकलं नव्हतं. घरी जाऊन आकडेमोड केली तेव्हा कळलं की डिसेंबरात आमच्याकडे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच येतो. सावली आणि काठी सारखी व्हायला सूर्य ४५ अंशांवर यावा लागतो, आणि तिथं तो साडेअकराच्या आसपास पोचतो. सकाळच्या शाळेत ते बसणारच नव्हतं. प्रयोग आधी एकट्यानं करून बघायचा असतो, हे डी.एड.ला लिहून पास झालेला मी.

सोमवारी त्या ‘भाबूळ’वाल्या मुलीनं वही पुढे केली. आम्ही ठेवलेल्या खड्यांची अंतरं तिनं मोजून लिहिली होती. “सर, सव्वानऊला सावली दोन मीटर होती. काठी एक. मग खांबाची तेव्हाच मोजायची आन् अर्धी करायची ना?”

बरोबर होतं. तिच्या हातात उत्तर होतं आणि आम्ही सगळे अकरा वाजेपर्यंत उन्हात उभे राहिलो होतो. तरी फेब्रुवारीपर्यंत थांबायचं ठरलं, कारण लहानांना ‘अर्धी’पेक्षा ‘एवढीच्या एवढी’ समजायला सोपी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी साडेदहाच्या सुमारास सावली काठीला भिडली. शिट्टी झाली, चौथीनं सुतळी ताणली, तिसरीनं टेप लावला. सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. आता खरं-खोटं करायचं कसं? खांब बसवणारा गवंडी म्हणजे एका मुलाचा आजा. तो पारावरून बोलावला गेला. त्यानं सांगितलं, पाइप वीस फुटी. वीस फूट म्हणजे सहा मीटर दहा. मुलांचं उत्तर तीस सेंटीमीटरनं जास्त. लगेच कुणीतरी खांबाखालचा ओटा मोजला, तो पंचाहत्तर. सहा दहा आणि पंचाहत्तर म्हणजे सहा पंच्याऐंशी. आता उत्तर पंचेचाळीसनं कमी!

फळा बाहेर आणला होता, त्यावर ही वजाबाकी तीन जणांनी तीन वेळा केली. पंचेचाळीस गेले कुठं? बराच वेळ कुणाला सुचेना. आजोबा तंबाखू मळत नुसते हसत होते. शेवटी दुसरीतली, तीच देवळात हरवलेली, म्हणाली, “आत आसल. नायतर पडला नसता व्हय खांब?” आजोबांनी मान हलवली. “दीड फूट गाडलाय ओट्यात.” दीड फूट म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर.

सुतळी ढिली, जमीन किंचित उतरती, टेप जुना. हे इतकं चपखल जुळलं त्यात नशिबाचा वाटा मोठा होता, आणि तसं मी मुलांना सांगितलंही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

जे जमलं नाही

लिहिणं जमलं नाही. बाहेर तासभर भांडणारी मुलं आत येऊन वहीत लिहीत, “आज आम्ही खूप मजा केली. आम्हाला खूप आनंद झाला.” दोन ओळी, सगळ्यांच्या सारख्या. भाबूळच पुन्हा. बाईंनी मग आधी चित्र काढायला लावलं, चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला नाव द्यायला लावलं, आणि लहानांच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं स्वतः लिहून त्यांनाच वाचायला दिलं. ‘आतून कोनतरी माती फेकतंय’ हे वाक्य दुसरीच्या पाच-सहा मुलांनी अडखळत का होईना पूर्ण वाचलं. शुद्धलेखन मागाहून बघू, असं आम्ही ठरवलं. त्यावरून एका भेटीत आम्हाला ऐकूनही घ्यावं लागलं.

फोटोंचा त्रास वेगळाच. उपक्रम म्हटला की दुपारी दोनच्या आत लिंकवर फोटो हवेत, लाभार्थी संख्या हवी. पहिल्या सहलीत माझा निम्मा वेळ मोबाइल धरण्यात गेला होता, आणि मूल नजरेआड होण्याचं तेही एक कारण असणार. नंतर आम्ही फोटो पहिल्या पाच मिनिटांतच उरकायचो, मुलं ओळीत उभी असतानाच. अहवालात ते फार शोभून दिसत. त्यात प्रत्यक्ष काही घडत नव्हतं, ते कुणी विचारलं नाही.

ऊसतोडीतल्या मुलाबद्दल लिहिताना मोह होतो, की बाहेर नेलं आणि पोरगं उजळलं. तसं झालं नाही. सावलीचं त्याला कळत होतं, पण वाचनात तो अक्षरांवरच अडलेला राहिला. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि एका सकाळी कोप्यांच्या जागी नुसते चुलीचे दगड उरले.

एका वडिलांनी जूनमध्ये मुलाला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. दाखला न्यायला आले तेव्हा म्हणाले, “राग मानू नका सर, पण तुमी पोरांना किडे दाखवता.” पट ३६ झाला. जोड्या मात्र सम झाल्या.

२०२४ नंतर शनिवार अधिकृत झाला, उपक्रमांची यादी आली, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. त्याच सुमारास शाळा सुंदर करायची म्हणून आवारभर पेव्हर ब्लॉक बसले, मागच्या भिंतीशीही. आता तिथं धूळ नाही. मागच्या दिवाळीनंतर नव्या तिसरीला मी तोच प्रश्न दिला, फक्त थोडा फिरवून : उलट्या गेले कुठं? दोन शनिवार काही सापडलं नाही. तिसऱ्या शनिवारी एक पोरगा धापा टाकत आला आणि मला सायकली लावतो त्या शेडकडे ओढत घेऊन गेला. पत्र्याखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, ब्लॉक संपतात तिथं वीतभर जागा सिमेंट टाकायची राहून गेली होती. तिच्यात चार.